हिंगण्याच्या माळावरचे अभियांत्रिकी

कर्वेनगर हे नाव पुणेकरांच्या तोंडी आता इतके बसले आहे, की त्याखालचे हिंगणे बुद्रुक हे गाव फारसे कोणाला आठवत नाही. धोंडो केशव कर्व्यांच्या संस्थेने याच परिसरात १९९१ साली कमिन्स अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू केले. केवळ मुलींसाठीचे देशातले पहिले अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणून ते ओळखले जाते. विधवाश्रमापासून अभियांत्रिकीपर्यंतचा हा प्रवास गौरवपर लेखांतून एखाद्या सरळ चढत्या रेषेसारखा सांगितला जातो. मला ती रेष सरळ दिसत नाही. तिच्यात एक वळण आहे, आणि ते अभ्यासक्रमाचे आहे.

कर्वे गणिताचे प्राध्यापक होते, ही गोष्ट त्यांच्या समाजकार्याच्या मोठेपणाखाली झाकली जाते. गोखल्यांच्या बोलावण्यावरून १८९१ साली ते फर्ग्युसनमध्ये आले आणि १९१४ पर्यंत तिथे गणित शिकवत राहिले. १८९३ मध्ये त्यांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला, १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रमाची मंडळी स्थापन केली. पुढे रावबहादूर गोखल्यांनी दिलेल्या हिंगण्याच्या जागेवर १९०० साली झोपडी उभी राहिली. दिवसा फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायचे आणि मग पायी हिंगण्याला जाऊन विधवा मुलींना शिकवायचे, असा त्यांचा क्रम होता. मुलीला स्वतःच्या पायावर उभे राहता आले पाहिजे, एवढा साधा आणि त्या काळी भयंकर वाटणारा हेतू त्यामागे होता.

मग जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका त्यांच्या हाती आली. १९१५ च्या सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनी तशाच विद्यापीठाची कल्पना मांडली आणि १९१६ साली ते प्रत्यक्षात आणले. शिक्षण मातृभाषेतून होते, ही त्यातली दूरदृष्टी. इंग्रजीच्या भिंतीवर डोके आपटून परतणाऱ्या मुलींची संख्या ज्याने पाहिली, त्यालाच ती सुचणार. पण याच योजनेत स्त्रीचे कार्यक्षेत्र पुरुषापेक्षा वेगळे, म्हणून तिचे शिक्षणही वेगळे, असे गृहीत धरले होते. गृहशास्त्र आणि आरोग्य यांना मानाचे स्थान मिळाले. आयुष्यभर गणित शिकवलेल्या माणसाने हे केले, याचे मला नेहमी नवल वाटते. त्यांना दोष द्यावा असे मात्र वाटत नाही. मुलीला घराबाहेर पाठवायलाच जो बाप तयार नाही, त्याला पटेल अशा भाषेत बोलणे त्यांना भाग होते. फक्त ती भाषा अभ्यासक्रमात उतरली आणि तिथे बराच काळ राहिली.

आता थोडे मद्रासकडे वळावे लागेल, कारण कर्व्यांच्या झोपडीत जशी मुलगी यायची, तशीच एक मुलगी तिथे अगदी वेगळ्या दारातून आत गेली. अय्यलसोमयाजुला ललिता पंधराव्या वर्षी लग्न होऊन सासरी गेल्या आणि अठराव्या वर्षी विधवा झाल्या. कडेला चार महिन्यांची मुलगी. १९४० साली त्यांनी गिंडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रवेश घेतला आणि १९४३ मध्ये विद्युत अभियंता म्हणून बाहेर पडल्या. त्यांच्यासाठी वेगळा अभ्यासक्रम नव्हता. महाविद्यालयाला मुलींची सवय किती होती, हे त्यांच्या प्रमाणपत्रावर दिसते : छापील इंग्रजी मजकुरातले पुरुषवाचक सर्वनाम खोडून त्या जागी हाताने स्त्रीवाचक सर्वनाम लिहिले आहे.

पण ललितांचे वडील त्याच महाविद्यालयात विद्युत अभियांत्रिकी शिकवत होते. त्यांनी प्राचार्यांकडे शब्द टाकला, म्हणून दार उघडले. हा तपशील मला प्रमाणपत्रावरच्या खाडाखोडीहून महत्त्वाचा वाटतो. ज्या मुलीचा बाप प्राध्यापक नाही, तिचे काय? तिच्यासाठी हिंगण्याला जागा होती, पण तिथे अभियांत्रिकी नव्हते. गिंडीला अभियांत्रिकी होते, पण तिच्यासाठी जागा नव्हती.

स्वातंत्र्यानंतर कायद्याने दारे उघडी झाली. तरी १९७४ साली टेल्कोच्या जाहिरातीत विद्यार्थिनींनी अर्ज करू नयेत असे छापलेले होते. सुधा कुलकर्णी, म्हणजे पुढच्या सुधा मूर्ती, यांनी जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड धाडून जाब विचारला आणि मुलाखतीला त्यांना बोलावले गेले ते पुण्यालाच. ही गोष्ट आता पाठ्यपुस्तकी झाली आहे. एका धीट मुलीने पोस्टकार्ड लिहिले हे खरेच, पण हुबळीच्या महाविद्यालयात त्यांच्या वर्गात दुसरी मुलगीच नव्हती, हेही त्याच गोष्टीत आहे. कारखान्याच्या दारापर्यंत पोहोचणाऱ्या मुलीच मोजक्या होत्या.

१९९१ चा निर्णय या पार्श्वभूमीवर पाहिला पाहिजे. संस्थेने भिंत वेगळी ठेवली, वसतिगृह वेगळे ठेवले, म्हणजे १९१६ च्या बापाला द्यायचे आश्वासन तसेच ठेवले. अभ्यासक्रम मात्र पुणे विद्यापीठाचा घेतला : तोच पेपर, तीच परीक्षा, शेजारच्या महाविद्यालयातल्या मुलांना जी पदवी तीच पदवी. हिंगणे आणि गिंडी इथे पहिल्यांदा एकत्र आले. ज्या कंपनीच्या नावाने देणगी आली आणि महाविद्यालयाला नाव मिळाले, तिचा डिझेल इंजिनांचा कारखाना कोथरूडलाच, कर्व्यांच्या माळापासून हाकेच्या अंतरावर. किर्लोस्कर कमिन्स ही कंपनी १९६२ मध्ये स्थापन झाली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात एकशे चार वर्षांचे होऊन कर्वे गेले. योगायोगच, पण लिहिल्यावाचून राहवत नाही. आणखी सहा वर्षांनी, १९९७ मध्ये, कर्व्यांच्याच महिला विद्यापीठाने, म्हणजे एसएनडीटीने, जुहूला मुलींसाठी तंत्रज्ञान संस्था काढली. गृहशास्त्राचा आग्रह धरलेल्या विद्यापीठाच्या आवारात संगणक आणि इलेक्ट्रॉनिक्स आले.

वेगळ्या महाविद्यालयावरचा आक्षेप जुनाच आहे : चार वर्षे मुलींतच राहिलेली मुलगी पुढे पुरुषांच्या कंपनीत कशी निभावेल? मला हा प्रश्न उलटा विचारावासा वाटतो. सत्तर मुलांच्या वर्गात तीन मुली असताना प्रयोगशाळेत यंत्राला हात कोण लावते आणि वही कोण लिहिते? वर्गात फक्त मुलीच असल्या की वही लिहिणारीलाच पान्हाही धरावा लागतो.

दुसरी वाट आयआयटींनी धरली आहे. तिथल्या बी. टेक.च्या वर्गांत मुलींचे प्रमाण दहा टक्क्यांच्याही खाली रेंगाळत होते. २०१८ पासून मुलींसाठी जादा जागा निर्माण केल्या गेल्या. लक्ष्य प्रथम चौदा टक्क्यांचे होते, २०२० पर्यंत ते वीस टक्क्यांचे झाले. योजना आखताना एक काळजी मात्र आवर्जून घेतली गेली : मुलांच्या वाट्याची एकही जागा कमी होऊ दिली नाही. कर्व्यांनीही फर्ग्युसनमध्ये जागा मागितली नव्हती. ते गावाबाहेर गेले होते.