फोर्डसनचा ओला प्लग

मंडळी, मागच्या वेळी आपण 1917 पर्यंत आलो होतो. जर्मन पाणबुड्या ब्रिटनकडे निघालेली धान्याची जहाजं बुडवत होत्या, गावातली माणसं आणि घोडे आघाडीवर गेले होते. त्याच वर्षी हेन्री फोर्डचा फोर्डसन ट्रॅक्टर अमेरिकेत तयार होऊ लागला आणि पहिले काही हजार ट्रॅक्टर थेट ब्रिटनला गेले.

आता गंमत बघा. हा ट्रॅक्टर सुरू व्हायचा पेट्रोलवर, पण नांगरायचा रॉकेलवर. कारण उघड आहे, रॉकेल स्वस्त. इंजिन चांगलं तापलं की मगच रॉकेलवर घ्यायचं. घाई केली की रॉकेलची पूर्ण वाफ होत नसे आणि प्लग खराब होई. काजळी म्हणजे कार्बन. त्यातून वीज वाहते. ठिणगी फटीत पडायच्या ऐवजी वीज काजळीवरून निघून जाते. चार सिलिंडरचं इंजिन तीनवर लंगडायला लागतं.

चारातला मेलेला कोणता? फोर्डसनला दर सिलिंडरची वेगळी कॉइल होती, चालताना ती गुणगुणायची. शेतकरी चालू इंजिनात एकेका कॉइलची थरथरती पट्टी दाबून धरायचा. इंजिनाचा आवाज पडला, तर तो सिलिंडर ठीक. काहीच फरक पडला नाही, तर चोर सापडला!

मग प्लग काढायचा. फिकट तपकिरी असेल तर उत्तम. कोरडी, मऊ काजळी असेल तर मिश्रणात इंधन जास्त. काळा आणि तेलकट असेल तर रिंगा झिजल्या. तुमच्यापैकी ज्यांनी जुनी स्कूटर तिरकी करून किक मारली आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

पण रॉकेलचा वास मारणारा ओला प्लग सगळ्यात फसवा. पुसून लावला की ट्रॅक्टर पुन्हा चालतो, माणूस निश्चिंत होतो. इकडे न जळलेलं रॉकेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली इंजिन ऑइलमध्ये उतरत असतं. ऑइल पातळ होतं, बेअरिंग जातात, आणि ऐन पेरणीत ट्रॅक्टर बांधावर उभा. 'यंत्राने घोड्याची जागा घेतली' हे वाक्य म्हणूनच मला फार सोपं वाटतं. घोड्याचं दुखणं ओळखणाऱ्याला हे दुखणं नव्याने शिकावं लागलं.

पुढे 1949 मध्ये फर्ग्युसनचा व्हेपरायझिंग ऑइलवर चालणारा ट्रॅक्टर आला. तिथेही तेच: आधी तापवा, मग इंधन बदला, आणि संध्याकाळी बंद करण्याआधी परत पेट्रोलवर आणा.