बरोबरीत सुटलेली कुस्ती

उर्दू माध्यमातल्या आमच्या मुलांना मराठीचा तास म्हणजे परक्या घरी जेवायला बसल्यासारखा वाटतो. वाक्प्रचार आले की ती आणखीच आक्रसतात. तेव्हा आम्ही त्यांना कोल्हापूरच्या खासबाग मैदानात नेतो, अर्थात फळ्यावरूनच.

दोन पहिलवान झुंजतात, कोणी कोणाला अस्मान दाखवू शकत नाही, कुस्ती बरोबरीत सुटते. यातले पहिलवान, अस्मान, कुस्ती हे तिन्ही शब्द फारसी. पाठ मातीला टेकली की डोळ्यांपुढे आभाळच उरते, म्हणून अस्मान दाखवणे. पण खरी गंमत 'बरोबर'मध्ये आहे. फारसीत 'बर' म्हणजे छाती. 'बराबर' म्हणजे छातीला छाती भिडलेली. इतक्या जवळ आल्याशिवाय बरोबरी नाही!

बुद्धिबळातही तेच. 'शह' म्हणजे शाह, राजा. 'मात' म्हणजे 'मेला' असे बरेच जण सांगतात. फारसीत मात्र त्याचा अर्थ हतबल, थक्क असा आहे. पटावरचा राजा मारला जात नाही, त्याची वाट खुंटते, हे त्याच्याशी जुळतेच.

शिवकाळात राजव्यवहारकोश रचून दरबारी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले. आखाड्यातले आणि पटावरचे हे शब्द मात्र टिकले. पुढे १९२५ साली माधवराव पटवर्धनांनी, म्हणजे कवी माधव जूलियन यांनी, फारसी-मराठी कोशच सिद्ध केला.

फळ्यावर 'शह-काटशह' लिहिले की मागच्या बाकावरून हमखास प्रश्न येतो, "सर, काटशह आपला की त्यांचा?" आम्ही खडू त्याच्याच हाती देतो आणि शब्दाची फोड करायला सांगतो.