सहीची एक ओळ

कागदाचे बळ त्याखालच्या सहीत असते, हे वकिलीच्या व्यवसायात आम्ही रोज पाहतो. सीमाभागातील वाचकांना तर ते वेगळे सांगायला नको. मुक्तस्रोत सॉफ्टवेअरच्या जगात एका फार मोठ्या प्रकल्पाचे काम मात्र कित्येक वर्षे अशा सहीवाचून चालले होते. तिथे सही कशी आली हे पाहिले, म्हणजे अशा कामाला हातभार कसा लावावा हेही उमगते.

१९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली आणि १९८९ मध्ये जीपीएल हा परवाना सिद्ध झाला. स्वामित्वहक्क सोडून न देता, त्याच हक्काच्या आधारे सर्वांना आज्ञावली वापरण्याची, बदलण्याची व वाटण्याची मुभा द्यायची. अट एवढीच की, वाटणाऱ्याने तीच मुभा पुढच्यालाही द्यावी. फिनलंडमधील विद्यार्थी लिनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्सचे कर्नेल जाहीर केले आणि पुढच्याच वर्षी ते या परवान्याखाली आणले. जगभरातून लोक ईमेलने दुरुस्त्या पाठवू लागले. कोणती ओळ कोणाची, याची पद्धतशीर नोंद मात्र नव्हती.

मार्च २००३ मध्ये एससीओ कंपनीने अमेरिकेत आयबीएमवर दावा दाखल केला. आपल्या मालकीच्या युनिक्समधील मजकूर लिनक्समध्ये घातला गेला, असा तिचा आरोप होता. पुढे २०१० साली ज्यूरीने युनिक्सचा स्वामित्वहक्क एससीओकडे नव्हे, तर नोव्हेलकडे असल्याचा निर्णय दिला. परंतु दाव्याने विचारलेला प्रश्न रास्त होता : हा मजकूर आला कोठून?

त्याचे उत्तर म्हणून मे २००४ मध्ये टॉरवाल्ड्स यांनी नवा नियम सुचवला. दुरुस्ती पाठवणाऱ्याने शेवटी आपले नाव व पत्ता असलेली एक ओळ लिहायची. तिचा अर्थ असा की, हे काम माझे आहे किंवा योग्य परवान्याखाली मला मिळालेले आहे, ते देण्याचा मला अधिकार आहे आणि ही नोंद सार्वजनिक राहील हे मला मान्य आहे. दुरुस्ती ज्यांच्या हातून पुढे जाते, तेही आपली ओळ जोडतात. आमच्या भाषेत हे छोटेसे प्रतिज्ञापत्रच होय. येथे पदवी विचारली जात नाही. जबाबदारी विचारली जाते.

योगदानाची रीतही यातूनच समजते. आधी परवाना वाचावा. एका वेळी एकच बदल करावा. काय बदलले यापेक्षा का बदलले, हे स्पष्ट लिहावे. तो भाग सांभाळणाऱ्या व्यक्तीकडेच तो पाठवावा. आक्षेप आला तर रुसू नये. सुधारून पुन्हा सादर करावा. अर्जातील त्रुटी दूर करण्यासारखेच हे आहे.

आज्ञावली लिहिता येत नसेल, तरी आपल्यापैकी प्रत्येकापाशी मराठी आहे. २०१० साली ओपनऑफिसपासून वेगळे झालेले लिब्रेऑफिस घ्या. आज्ञावली देणाऱ्याकडून तेथेही परवान्याबद्दलचे लेखी निवेदन घेतात. मेनूतील शब्द व सूचना यांचे भाषांतर मात्र वेबलेट या साधनावर, एकेक वाक्य घेऊन करता येते. खटकणारा एक शब्द निवडावा, योग्य शब्द सुचवावा, आधीच्या भाषांतरकारांशी मेळ राखावा. एवढ्याने आरंभ होतो.

संगणक मराठीला ‘एमआर’ या दोन अक्षरांनी ओळखतो. देश सांगायचा झाल्यास पुढे भारताचा संकेत जोडतात. राज्याचा रकाना तेथे नाही. बेळगाव, वास्को, इंदूर वा बडोदे येथून केलेली दुरुस्ती पुण्यातल्या दुरुस्तीइतकीच ग्राह्य धरली जाते. शासकीय कार्यालयात मराठी कागद मिळावा म्हणून आम्ही अर्ज करीत आलो आहोत आणि पुढेही करू. या दारात मात्र अर्ज लागत नाही. काम घेऊन जावे, त्याखाली आपले नाव लिहावे आणि त्या नावाला जागावे.