कणकेचा गोळा

कणकेत मध आणि चिमूटभर हिंग घालून मळायचं, हे काही मला आईनं शिकवलं नाही. ते मी अमेरिकेत आल्यावर शिकलो, आणि तेही पोळ्यांसाठी नव्हे, माशांसाठी.

झालं असं, की इथल्या पहिल्याच उन्हाळ्यात मी परवाना काढला आणि गळ घेऊन जवळच्या तलावावर गेलो. दुकानातले प्लास्टिकचे बेडूक आणि पत्र्याचे चकाकते मासे बघून गांगरायला झालं होतं. म्हणून घरूनच कणकेचा घट्ट गोळा नेला, आपल्याकडे तळ्यावर पोरं नेतात तसा. तासाभरात हातभर लांबीचा मासा लागला. मी खुशीत! तेवढ्यात शेजारचा गृहस्थ म्हणाला, "कार्प आहे. कचरा मासा. काठावर फेकून दे, पाण्यात परत सोडू नकोस."

रोहू-कटला खाऊन वाढलेल्या माणसाला हे ऐकून कसंसंच झालं. ते दोघेही कार्पच्याच कुळातले. हा मासा कचरा कधीपासून झाला, हे शोधायला बसलो आणि भलताच इतिहास हाती लागला.

अमेरिकेत हा मासा मुळात नव्हताच. १८७१ साली इथल्या सरकारनं मत्स्य आयोग नेमला. त्याचे प्रमुख होते स्मिथसोनियन संस्थेतले शास्त्रज्ञ स्पेन्सर बेअर्ड. नद्यांमधले मासे कमी होत चालले होते आणि लोकसंख्या वाढत होती. जर्मनी आणि मध्य युरोपातून आलेल्या लोकांना कार्पची सवय होती. तिकडे नाताळच्या आदल्या रात्री ताटात कार्प लागतो. हा मासा गढूळ, कोमट पाण्यातही तगतो, धान्य आणि झाडपाला खातो, भराभर वाढतो. गरिबाच्या शेततळ्यासाठी आणखी काय हवं?

१८७७ च्या मे महिन्यात रुडॉल्फ हेसेल यांनी जर्मनीहून ३४५ कार्प जिवंत आणले. ते बाल्टिमोरच्या ड्रुइड हिल पार्कमधल्या तळ्यांत सोडले. पुढे त्यांतले काही राजधानी वॉशिंग्टनला, वॉशिंग्टन स्मारकाजवळच्या तळ्यांत गेले. मग जी मागणी सुरू झाली ती विचारू नका. शेतकरी आपल्या खासदारामार्फत अर्ज करायचे. माशांसाठी रेल्वेचे खास डबे बांधले गेले. १८८३ साली सुमारे २ लाख ६० हजार पिल्लं जवळजवळ १० हजार अर्जदारांना वाटली गेली. ३०१ मतदारसंघांपैकी २९८ मध्ये सरकारी कार्प पोचला होता!

आणि मग तळी फुटली. पुरात मासे नद्यांत गेले आणि बेसुमार वाढले. कार्प तळाचा चिखल तोंडात ओढतो, त्यातलं खाण्याजोगं ठेवतो आणि बाकीचा थुंकतो. त्यानं पाणी गढूळ होतं, पाणवनस्पती उपटल्या जातात आणि त्यांवर जगणारी बदकं उपाशी राहतात. काटे फार आणि चिखलाचा वास येतो, अशीही तक्रार होती. १८९० चं दशक संपता संपता सरकारनं वाटप थांबवलं. वीस वर्षांत पाहुण्याचा उपरा झाला.

इथवर कथा सरळ आहे. मासा उपद्रवी होता, म्हणून नावडता झाला. पण याच गोष्टीत दुसरा एक जर्मन आहे. १८८३ साली, म्हणजे कार्पनंतर सहाच वर्षांनी, जर्मनीहून ब्राउन ट्राउटची अंडी न्यूयॉर्कच्या कोल्ड स्प्रिंग हार्बरला आली. १८८४ साली त्याची पिल्लं मिशिगनच्या बाल्डविन नदीत सोडली. यानंही स्थानिक ब्रुक ट्राउटला अनेक ओढ्यांतून हुसकावलं. पण त्याला कुणी कचरा म्हणत नाही! त्याच्यासाठी नियम आहेत, क्लब आहेत, त्याच्यावर प्रेमानं लिहिलेली पुस्तकं आहेत.

फरक कशात? माझ्या मते बराचसा आमिषात. ट्राउट शिकारी आहे. पिसं आणि दोरा गुंडाळून केलेल्या खोट्या माशीवर तो झडप घालतो. ते शिकायला वेळ लागतो, आणि महागडं सामानही घेता येतं. त्यामुळे तो झाला साहेबाचा खेळ. कार्पच्या तोंडात दात नसतात; ते असतात घशात, दाणे भरडायला. मिशांनी चाचपून तो घास आत ओढतो. त्याला लागतो तुमच्या डब्यातला शिळा पाव, नाहीतर उकडलेला मका.

बरं, हे आमिष करणं अगदी सोपं आहे असंही नाही. मी दोन वाट्या कणीक आणि एक वाटी मक्याचं पीठ घेतो, उकळत्या पाण्यात भिजवतो आणि चमचाभर मध घालून पुरीच्या पिठाहून घट्ट मळतो. गोळी आधी पेल्यातल्या पाण्यात टाकून बघायची. लगेच विरघळली तर फेकतानाच सुटेल, आणि अर्ध्या तासानंही दगडासारखीच राहिली तर वास पसरणार नाही. कडेनं हळूहळू झिजणारी गोळी उत्तम. पाणी गार असलं की माशाची भूक मंदावते. तेव्हा गोळी वाटाण्याएवढी करायची.

यात माझं काहीच नाही बरं का. आयझॅक वॉल्टननं १६५३ सालच्या पुस्तकात कार्पसाठी पाव आणि मध एकत्र मळायला सांगितलंय. जुन्या इंग्रजी पुस्तकांत आमिषाच्या वासासाठी चक्क हिंग येतो! आणि आपल्याकडे कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा, यानं इ.स. ११३० च्या सुमारास लिहिलेल्या 'मानसोल्लासा'त मासेमारीच्या राजविनोदावर अख्खं प्रकरण आहे. वॉल्टनसाठी कार्प ही नद्यांची राणी होती, आणि मासेमारी हा सोमेश्वरासाठी राजाचा छंद. मासा तोच, पीठ तेच. दर्जा तेवढा माणसं ठरवतात.

पाणी गढूळ होतं हे खरंच आहे, मी ते नाकारत नाही. पण आजही त्या तलावाच्या काठावर नजर टाकली की पिठाचा डबा घेऊन बसलेले बहुतेक लोक माझ्यासारखे बाहेरून आलेले दिसतात. मागच्या खेपेला पूर्व युरोपातले एक आजोबा शेजारी होते. आमची भाषा जुळेना. त्यांनी माझ्या गोळीचा वास घेतला, हिंगामुळे नाक मुरडलं, आणि हसून मूठभर उकडलेला मका माझ्या हातावर ठेवला.

तो मासा मी फेकला नव्हता. घरी नेला, काटे काढता काढता रात्र झाली. कालवण मात्र छान झालं होतं.