५० केबीच्या फोटोमागचा इतिहास

भरतीचे अर्ज सुटले की आपल्या बिबवेवाडीत, अप्पर असो की मार्केट यार्डाची बाजू, झेरॉक्सच्या दुकानांत एकच वाक्य ऐकू येतं : "दादा, फोटो ५० केबीच्या आत करून द्या." स्टाफ सिलेक्शन, बँका, सगळ्यांच्या अर्जांत २० ते ५० केबीची अट असायचीच. मोबाइलमधला फोटो मात्र तीन-चार एमबीचा. दुकानदार दोन क्लिक करतो, काम होतं. पण बाकीचा फोटो जातो कुठे?

हिशेब करा. १२ मेगापिक्सेल म्हणजे १ कोटी २० लाख ठिपके. लाल, हिरवा, निळा मिळून प्रत्येक ठिपक्याला ३ बाइट. झाले ३६ एमबी! तो फोटो तीन-चार एमबीत बसतो, त्यामागचं गणित बंगळुरूत जन्मलेल्या नासिर अहमद यांचं. अमेरिकेत कॅन्सस स्टेट विद्यापीठात असताना १९७२ मध्ये त्यांनी या कल्पनेसाठी तिथल्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे पैसे मागितले. मिळाले नाहीत. त्यांनी काम चालूच ठेवलं. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासोबतचा त्यांचा शोधनिबंध जानेवारी १९७४ मध्ये छापून आला. १९९२ मध्ये जेपीईजीचं मानक आलं, ते याच पायावर.

यात फोटोचे ८ बाय ८ ठिपक्यांचे चौकोन पाडतात. आभाळ, भिंत असं सावकाश बदलणारं एकीकडे. केस, पाटीवरची अक्षरं असं बारीक दुसरीकडे. बारीक फरक डोळ्याला कमी जाणवतात, म्हणून त्यातले बरेच टाकून देतात. फाइल जितकी लहान हवी, तितकं जास्त टाकायचं. झिप फाइल उघडली की सगळं जसंच्या तसं परत मिळतं. इथे टाकलेलं परत येत नाही.

अर्जाला हे चालतं, इतिहासाला नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं. त्या पुराचे फोटो दर जुलैत ग्रुपवर फिरतात. कुणी स्क्रीनशॉट काढतो, कुणी कडा कापतो, कुणी वर आपलं नाव टाकून पुन्हा सेव्ह करतो. दर वेळी थोडं झडतं. शेवटी दुकानाची पाटी वाचता येत नाही, चेहरा ओळखू येत नाही. आम्हा बातमीदारांना तर नेमकं तेच हवं असतं. फोटो कुठला, कधीचा, हे त्यावरूनच ठरतं.

बिबवेवाडी गाव होतं, शेतं होती, तेव्हाचे फोटो आजही काही घरांतल्या अल्बममध्ये असणार. मंडळी, ते नीट स्कॅन करा आणि मूळ फाइलला हात लावू नका. लहान करायची तर कॉपी करा. व्हॉट्सॲपवर पाठवायचा तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. फॉरवर्ड हजार मिळतील, मूळ फोटो एकच असतो.