इस्त्रीचा शर्ट

“आज इंटरव्ह्यू आहे का रे?” हिंजवडीतल्या ऑफिसात पहिल्या वर्षी हा प्रश्न मला जवळजवळ रोज यायचा. कारण माझा इस्त्रीचा शर्ट. बाकी टीम विटलेल्या टी-शर्टात आणि चपलांत यायची. आमच्या क्षेत्रात स्टायलिश असणं म्हणजे कपड्यांचा विचारच केला नाही असं दिसणं. स्टीव्ह जॉब्जचा काळा टर्टलनेक आणि झुकरबर्गचा करडा टी-शर्ट हे आमचे आदर्श.

मीही एकदा तसाच निघालो. दारात आजी म्हणाली, “असा जातोस व्हय रं हापिसात? बाबासाहेबांनी काय सांगितलंय?” मला वाटलं, नेहमीचंच बोलणं. ती एका खऱ्या भाषणाबद्दल बोलत होती, हे मला बऱ्याच वर्षांनी वाचताना कळलं.

डिसेंबर १९२७. महाडची दुसरी परिषद, जिथे मनुस्मृती जाळली गेली. त्याच परिषदेत डॉ. आंबेडकर जमलेल्या बायकांशी वेगळं बोलले. लुगडं नेसायची पद्धत, गळाभर गळसऱ्या, हातात कोपरापर्यंत कथलाचे दागिने. यावरून लांबूनच तुमची जात ओळखू येते, त्या खुणा टाका, असं त्यांनी सांगितलं. कपडा फाटका असला तरी चालेल, पण स्वच्छ हवा. लुगडं घोट्यापर्यंत नेसा. परिषदेतल्या बायकांनी ते लगेच अमलात आणलं. चित्रे आणि टिपणीस या सवर्ण घरांतल्या स्त्रियांनी त्यांना नवी पद्धत नेसून दाखवली.

आज हा फॅशनचा सल्ला वाटेल. पण त्या काळी नीटनेटकं दिसणं किती महागात पडायचं, ते आंबेडकरांनीच १९३६च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये नोंदवलं आहे. १९२८च्या सुमारास इंदूर भागातल्या काही गावांतल्या सवर्णांनी बलाई या अस्पृश्य जातीसाठी नियम काढले. पुरुषांनी जरीकाठी पागोटं बांधायचं नाही, रंगीत किंवा नक्षीच्या काठाचं धोतर नेसायचं नाही. बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत. बलाईंनी नकार दिला. मग त्यांचं विहिरीवरचं पाणी बंद झालं, गुरं चारणं बंद झालं. अनेकांना गाव सोडावं लागलं. धोतराच्या काठापायी!

हे वाचल्यावर बाबासाहेबांचा सूट मला वेगळा दिसायला लागला. १९२१मध्ये मदुराईत गांधीजींनी अंगावरचे कपडे कमी करून पंचा स्वीकारला. गरिबांशी नातं जोडण्याचा तो त्यांचा मार्ग होता आणि त्याचं मोल आहेच. पण ज्यांच्यावर उघडं, मळकं राहण्याची सक्तीच होती, त्यांनी आणखी काय टाकायचं? त्यांच्यासाठी कोट, टाय, पॉलिश केलेला बूट हाच त्या सक्तीला नकार होता.

म्हणून ‘कपड्यांनी काय फरक पडतो?’ हे वाक्य ऐकलं की मी जरा थबकतो. विटक्या टी-शर्टातल्या माझ्या मित्राला कुणी गबाळा म्हणेल, पण त्यावरून त्याचं कूळ कुणी काढणार नाही. टीममधले मित्र वाईट नव्हते. त्यांना हा इतिहास माहीत नव्हता, आणि मीही सांगत नव्हतो. शर्टाची गोष्ट सांगायची म्हणजे जात सांगावी लागली असती. त्यापेक्षा “हो, इंटरव्ह्यू आहे” म्हणून हसणं सोपं होतं.

गेल्या महिन्यात टीममध्ये नव्याने आलेल्या एका मुलाने चहाच्या टपरीवर विचारलं, “तू रोज इस्त्री करतोस? कंटाळा नाही येत?” या वेळी मी हसण्यावारी नेलं नाही. आजीपासून सुरुवात केली. तो ऐकत राहिला. चहा संपल्यावर हळूच म्हणाला, “आमच्याकडे पप्पा पण असंच सांगतात.”

दुसऱ्या दिवशी तो टी-शर्टातच आला. मी इस्त्रीच्या शर्टात. इंटरव्ह्यूचं मात्र कुणी विचारलं नाही.