सिंहाच्या गाण्याचे १० शिलिंग

'द लायन किंग' (१९९४) मध्ये टिमॉन आणि पुंबा जंगलातून चालताना सिंह झोपल्याचं गाणं म्हणतात, आठवतंय? मी कित्येक वर्षं ते अस्सल अमेरिकन गाणं समजत होतो. 'द टोकन्स' या ग्रुपनं १९६१ मध्ये ते अमेरिकेत पहिल्या नंबरवर नेलं होतं ना! पण ते त्यांचं नव्हतंच.

मूळ गाणं 'म्बुबे'. झुलू भाषेत म्बुबे म्हणजे सिंह. सॉलोमन लिंडा या झुलू गायकानं १९३९ मध्ये जोहान्सबर्गला साथीदारांसोबत ते रेकॉर्ड केलं. रेकॉर्ड तुफान खपली, पण हक्कांपोटी लिंडाच्या हातात पडले फक्त १० शिलिंग. पुढे ती रेकॉर्ड अमेरिकेत पीट सीगरकडे पोचली. त्याला 'उयिम्बुबे' हे 'विमोवे' ऐकू आलं आणि जगानं तेच उचललं. १९६२ मध्ये लिंडा गरिबीतच गेला.

२००४ मध्ये त्याच्या मुलींच्या वतीनं डिस्नेवर दावा ठोकला गेला. गंमत म्हणजे कामी आला ब्रिटिशांचाच १९११ चा कॉपीराइट कायदा. हक्क विकले असले, तरी मृत्यूनंतर २५ वर्षांनी ते वारसांकडे परत येतात, अशी त्यात तरतूद होती. २००६ मध्ये तडजोड झाली आणि कुटुंबाला रॉयल्टी मिळू लागली.

दुसऱ्याचं गाणं गाण्यात काहीच गैर नाही. गाणी अशीच तर जगभर फिरतात. पण गाण्यासोबत गाणाऱ्याचं नाव आणि त्याचा वाटाही फिरायला हवा, एवढंच म्हणणं आहे.